लोडवरचा आवाज

रंगनाथ,

काल रविवार होता म्हणून मी घाटात जाऊन आलो. तू गेलास त्याला काल आठ दिवस झाले, उद्या दहावा आहे. तुझ्या घरी माणसांची वर्दळ आहे आणि मी तिथं नुसती खुर्ची अडवून बसतो. सुभद्रावहिनींनी विचारलं, कुठं निघालात. मी म्हणालो, दळण आणायला. हातात पिशवीसुद्धा नव्हती. 

रुळांलगतच्या आपल्या मोरीच्या कठड्यावर बसलो. तासाभरानं परळीकडून मालगाडी आली. विजेचं इंजिन, मागं भरलेल्या वाघिणी. चढ तोच, वळण तेच, पण आवाज म्हणजे शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवावं एवढाच. गाडी निघून गेली. वाघिणी मोजायच्या असतात हेही मी विसरलो. मला वाटलं होतं की तिथं गेल्यावर तरी रडू येईल. काही झालं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गालाला बोट लावलं तरी कळत नाही, तसं माझं झालंय. घरी आलो आणि चहा प्यालो.

लोक रडले. तुझा मुलगा रडला. बांधावरून चार वर्षं तुझ्याशी अबोला धरलेला शेजारी तर इतका रडला की त्यालाच पाणी द्यावं लागलं. मी खांदा दिला, परत येऊन आंघोळ केली आणि दोन भाकरी खाल्ल्या. बायको म्हणाली, असं गप्प राहू नका, काहीतरी बोला. बोलायला माझ्याकडं आहे, पण ते तुझ्यासाठीचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. मी संस्थेच्या बुकात जो एक शब्द लिहिला आणि ज्याच्यासाठी तू वीस वर्षं माझ्यामागं लागलास, त्या 'सर्वानुमते'बद्दल मला तुला खरं सांगायचं राहिलं. ते आज सांगणार आहे. पण एकदम तिथं जाता येत नाही. जरा लांबून येऊ दे.

आपल्या उपसा सिंचन संस्थेचं डिझेल इंजिन नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत होतं. तू त्याचा ऑपरेटर आणि मी संस्थेचा सेक्रेटरी. लाइटीचा भरवसा नव्हता, तुझ्या इंजिनाचा होता. पाणी वर चढायला लागलं की त्याचा आवाज जड व्हायचा आणि तो घराघरात कळायचा. बाया भाकरी थापता थापता म्हणायच्या, आलं पाणी. चुलीवरचं उतरवून त्या धुणं घेऊन पाटाकडं निघायच्या. शेतकरी आपली पाळी आवाजावरून धरायचे. गावात घड्याळं होती, पण ती बघून कुणी रानात पाण्याची दारं धरायला गेल्याचं मला आठवत नाही.

मग ती दुष्काळाची दोन वर्षं आली. पहिल्याच उन्हाळ्यात नदी आटली आणि पाइप हवा ओढायला लागला. तू इंजिन बंद केलंस आणि माझ्या दारात येऊन उभा राहिलास. म्हणालास, "रिकामं पळतंय. म्या कानावर हात ठिवून बसलो. न्हाई आयकवत." तरी त्यानंतर रोज सकाळी तू पंपाचा पट्टा उतरवून ते पाच-दहा मिनिटं चालवायचास. बसून राहिलं तर जाम होईल, असं तुझं म्हणणं. ते चालू असताना तू भिंतीकडं तोंड करून उभा राहायचास, हे मी एकदा खिडकीतून पाहिलंय.

त्याच उन्हाळ्यात आपण चारा छावणीचे कागद घेऊन माझ्या मोपेडवर परळीहून येत होतो. घाटात रूळ रस्त्याच्या जवळ येतात तिथं तू मागून माझा सदरा ओढलास. "थांब बे. आधी थांबव." मला वाटलं चाकातली हवा गेली. तू उतरलास आणि रुळांकडं तोंड करून उभा राहिलास. खालून मालगाडी चढत होती. पुढं दोन इंजिनं, धूर काळा आणि उभा, आणि वेग असा की म्हातारं माणूस सोबत चालेल. ठोका न ठोका वेगळा ऐकू येत होता. इंजिनं समोर आली तेव्हा माझ्या छातीतलं काहीतरी त्या ठोक्यावर हलायला लागलं. ड्रायव्हरनं हात केला, मी केला, तू केला नाहीस. शेवटची वाघीण वळणाआड गेल्यावर तू म्हणालास, "लोडवर हाय. आयकलंस का? पुरं लोडवर हाय." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तू म्हणालास धूर गेला. धूर दुसऱ्या बाजूला चालला होता.

पुढच्या रविवारी सकाळी तू हाक मारलीस. कुठं जायचं हे मी विचारलं नाही. तेव्हापासून रविवार आपला झाला. वहिनी भाकरी आणि ठेचा बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, लोक देवाला जातेत, ह्यांचं बघा. गावानं आपल्याला नाव ठेवलं, मालगाडीचे जावई. आपण मात्र मोरीवर बसून खालून पहिला आवाज कधी येतो याकडं कान लावायचो. मला तो लांबचा आवाज आवडायचा, डोंगराआडून येतोय की भास होतोय ते कळत नाही तेव्हाचा. तुला गाडी समोर आल्यावरचा. यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचास, लांबचा आवाज म्हणजे नुसता वास, पोट भरत न्हाई. मी म्हणायचो, तुला जेवणाशिवाय उपमा सुचत नाही. मग गाडी आली की दोघंही गप्प.

परळी स्टेशनासमोरच्या हॉटेलात एका ड्रायव्हरला चहा पाजून तू माहिती काढलीस की इंजिनाचा जोर आठ नॉचमध्ये वाढवतात. झालं. त्या दिवसापासून तू डोळे मिटून माझ्या गुडघ्यावर बोटं टेकवायचास, चार, पाच, सहा. आठवं बोट टेकलं की तुझा चेहरा लग्नघरातल्या बापासारखा व्हायचा. चाक घसरलं की आवाज एकदम उधळतो, मग ड्रायव्हर जोर कमी करून रुळांवर वाळू सोडतो आणि पुन्हा एकेक नॉच वर जातो. अशा वेळी तू रुळांकडं बघून पुटपुटायचास, "घाई करू नगं. दम धर. धर दम." अर्ध्या मैलावरून तू सांगायचास की मागच्या इंजिनाचा एक सिलिंडर आळशी आहे. मी हसायचो. एकदा गाडी सिग्नलला थांबली आणि तू ड्रायव्हरला ते जाऊन सांगितलंस. तो म्हणाला, काका, शेडला लिहून दिलंय कालच. त्यानंतर मी हसायचं सोडलं.

आणि ती लातूरची दोघं जण आठवतात? गळ्यात कॅमेरे आणि काठीला बांधलेला केसाळ माइक. आपण तिथं बोलत होतो म्हणून त्यांनी तोंडावर बोट ठेवून आपल्याला गप्प केलं. आपल्याच मोरीवर! गाडी गेल्यावर मात्र गप्पा झाल्या. ते म्हणाले की असे लोक देशभर आहेत, निव्वळ डिझेलचा चढावरचा आवाज ऐकायला दोन-दोन दिवस प्रवास करतात, एकमेकांना रेकॉर्डिंग पाठवतात. तुला कोण आनंद झाला. परत येताना तू मोपेडवर मागून सारखं म्हणत होतास, आपुन येडे न्हाई दत्त्या, आपुन लई जण हाओत. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मात्र तू यंत्र कानाला लावलंस आणि परत दिलंस. "ह्यात आवाज हाय, वजन न्हाई," म्हणालास. त्यांच्यातल्या एकानं ते वहीत लिहून घेतलं.

हे सगळं लिहिताना मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. वाईटही वाटत नाही. पुढचं लिहितो.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी संस्थेची सभा मारुतीच्या पारावर झाली. विषय एकच होता, इंजिन मोडीत काढायचं. चेअरमन बोलले, दोघा-चौघांनी माना हलवल्या. तू उठून उभा राहिलास. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोललास. म्हणालास, इंजिनाला काही झालेलं नाही, झालंय ते नदीला. नदी येईल, इंजिन गेलं की येणार नाही.  मग तू माझ्याकडं वळलास आणि म्हणालास, "सेक्रेटरी, माजा विरोध लिवा." तू मला सेक्रेटरी म्हणालास हे मला तेव्हाच टोचलं. मी मान हलवली आणि लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

सहकारात हे कसं होतं ते तुला ठाऊक होतं. आपल्या भागातल्या कुठल्याही संस्थेचं प्रोसिडिंग बुक उघड, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं सर्वानुमते. लोकांनी सभेत एकमेकांच्या टोप्या उडवल्या असल्या तरी बुकात सर्वानुमते. हात त्याच शब्दाला बसलेला असतो.

इंजिन ट्रकमध्ये चढलं तेव्हा तू तिथं नव्हतास. पुढच्या वर्षी नदीला पाणी आलं. ज्यांची ऐपत होती त्यांनी स्वतःच्या मोटारी टाकल्या. पाटाच्या शेपटाला ज्यांची रानं होती त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही, आणि तुझी दोन एकरं अगदी शेपटाला. त्या दसऱ्यानंतर तू आणि वहिनींनी कोयता घेतला. चाळिशी ओलांडलेला माणूस, जन्मात कधी ऊस तोडला नव्हता. गावातून ट्रॅक्टर निघाला तेव्हा तू पाचटासारख्या रंगाचं धोतर नेसून ट्रॉलीत पाठमोरा बसला होतास. मी पारावर होतो. मला खाली यायला जमलं नाही. पाच हंगाम तू गेलास. वहिनींची पाठ त्यातच कायमची गेली.

पहिल्या हंगामाहून परत आल्यावर मला वाटलं, आता हा माझं तोंड बघणार नाही. रविवारी सकाळी दारात हाक. "चल बे, गाडी जाईल." मी पायात चपला न घालताच बाहेर आलो होतो. घाटात पोचेपर्यंत तू कारखान्यावरच्या गमती सांगत होतास. एकदाही विषय काढला नाहीस. निघताना म्हणालास, "ते तेवढं लिव. विरोध व्हता म्हून." मी म्हणालो, "सवयीनं गेलं रे ते." तू बरं म्हणालास.

तेव्हापासून वर्षाकाठी एकदा हे व्हायचं. तू म्हणायचास लिही, मी म्हणायचो सवयीनं गेलं, आता बुकात खाडाखोड करता येत नाही. संस्था कधीच झोपली होती, बुक माझ्या कपाटात होतं, खाडाखोड केली असती तर विचारणारं कोण होतं? तू कधी आवाज चढवला नाहीस. एवढंच की गावात तू मला सेक्रेटरी म्हणायचास आणि घाटात दत्त्या. मला रविवारची वाट बघायला लागायची.

मग रुळांच्या बाजूनं खांब उभे राहिले. तारा आल्या. पहिल्यांदा आपण म्हणालो, एखाद-दुसरी गाडी विजेवर जाईल. मग डिझेलची एखाद-दुसरी उरली. मग तीही महिन्यातून कधीतरी. तू तक्रार केली नाहीस, मीच चिडचिड करायचो. तू म्हणालास की चांगलंच आहे, धूर नाही, ड्रायव्हरचे कान वाचतील.  त्या दिवशी आपण भाकरी तशीच परत आणली.

या वर्षी तुझ्या पायाला सूज आली आणि तुझा घाट बंद झाला. मी एकटा जाऊन यायचो आणि तुझ्या खाटेजवळ बसून सांगायचो. तू विचारायचास, कोणतं होतं? मी खरं तेच सांगायचो, विजेचं. गेल्या महिन्यात एकदा डिझेल आलं, जुन्या जातीचं, तेव्हा मी धावतपळत आलो आणि तुला तोंडानं आवाज काढून दाखवला. माझं वय पासष्ट. वहिनी आतून बघायला आल्या, मुलगा हसायला लागला. तू डोळे मिटून माझ्या मनगटावर बोटं टेकवलीस. पाच, सहा. मग म्हणालास, "सातवर गेलंच न्हाई तुजं. दम कमी पडतोय." त्या दिवशी मी फार खूश होतो.

शेवटच्या शुक्रवारी मात्र तू गाडीचं विचारलं नाहीस. बोलायला त्रास होत होता. म्हणालास, "म्या गेल्यावर तरी लिवशील का?" मला वेळ हवा होता म्हणून मी तुझं पांघरूण सारखं केलं. आणि पुन्हा तेच म्हणालो, "सवयीनं गेलं रे ते." तू माझ्याकडं बघितलंस. "बरं," म्हणालास. रविवारी पहाटे तू गेलास.

आता सांगतो. सवयीनं गेलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी चेअरमननं मला सांगितलं होतं की एक जरी विरोध लिहिला गेला तर तालुक्याहून सहकार खात्याचा कुणीतरी इंजिन बघायला येईल. तो आला असता तर तू एका हँडलात ते चालू करून दाखवलं असतंस आणि ठराव तिथंच बारगळला असता. मला तो बारगळू द्यायचा नव्हता. मला ते इंजिन गावातून जायला हवं होतं.

तू सकाळी ते रिकामं चालवायचास ना, पाच-दहा मिनिटं. तुझ्या कानाला ते रिकामं होतं. तहानलेल्या गावाच्या कानाला ते नुसतं इंजिन होतं. बाया घागरी घेऊन पाटावर जायच्या. पाट कोरडा बघून माझ्या दारात यायच्या आणि विचारायच्या, इंजिन तर वाजतंय, पाणी कुणाच्या रानात सोडलं सेक्रेटरी? मी समजावून सांगायचो. दुसऱ्या दिवशी निराळ्या बाया. शेवंताबाई तर एकदा दुपारपर्यंत कोरड्या पाटाशी घागर घेऊन बसून होती. मी तिला उठवायला गेलो. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वाजलं म्हून आले, बाबा." त्यानंतर सकाळ व्हायच्या आधीच मला जाग यायची. तुझं इंजिन सुरू झालं की मी उशी कानावर घ्यायचो.

हे तुला सांगितलं नाही, कारण तू ते मायेनं करत होतास आणि मला तुझा चेहरा उतरलेला बघवला नसता. किती साधं होतं, रंगनाथ. सकाळचं वाजवू नको, लोकांना वाटतं पाणी आलं, एवढं एक वाक्य. तू दुसऱ्या दिवसापासून थांबला असतास. इंजिन राहिलं असतं. तुला कोयता घ्यावा लागला नसता आणि वहिनी आज सरळ उभ्या राहिल्या असत्या. मी ते वाक्य बोललो नाही, त्याच्याऐवजी एक शब्द लिहिला, आणि वर तुला सांगत राहिलो की तो हाताच्या सवयीचा होता. मी तुझा घात केला. याला दुसरा शब्द नाही, शोधून बघितला.

काल रात्री बुक काढून त्या ठरावाखाली लिहिलं, की श्री. रंगनाथ यांचा विरोध होता, इंजिन चांगल्या स्थितीत आहे असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. खाली सही केली. सही करताना एक गोष्ट ध्यानात आली आणि तेव्हापासून मी खुर्चीतून उठलेलो नाही.

धडधडत्या दोन इंजिनांमधून एका सिलिंडरची चूक तू अर्ध्या मैलावरून ओळखायचास. 'सवयीनं गेलं' हे माझं वाक्य तू वीस वर्षं हातभर अंतरावरून ऐकलंस. तुला पहिल्याच वर्षी कळलं असणार. मी कधीतरी खरं बोलेन म्हणून तू दर वर्षी पुन्हा विचारत राहिलास, आणि सगळं कळून दर रविवारी मला हाक मारायला आलास.